तीन नंबरच्या कॉम्प्युटरवरचा प्रबंध

"मॅडम, प्रस्तुत पेयाच्या तापमानासंदर्भात आपले निरीक्षण काय?"

सोनवणे सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. बारामतीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. स्टाफरूममध्ये कुणाच्या खुर्चीवर बसलं की राग येतो आणि कुणाच्या खुर्चीवर बसलं तरी चालतं, हेसुद्धा मला अजून कळलेलं नव्हतं. हातातल्या कपाकडे बघत मी अगदी गंभीरपणे म्हणाले, "थोडा गार आहे."

"म्हणजे आमच्या गृहीतकास पुष्टी मिळाली," ते म्हणाले आणि दाराकडे मान वळवून शिपायाला साध्या आवाजात ओरडले, "मामा, च्या पार गार पडलाय. जरा तापवून आणता का?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस दोन भाषा बोलतो. दोन्ही मराठीच. एक बावड्याची, त्यांच्या गावची. दुसरी प्रबंधाची, म्हणजे पीएच.डी.साठी लिहावी लागते ती. पहिली त्यांना आईनं दिली होती आणि दुसरी विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी. दुसरी भाषा ते फक्त थट्टेसाठी वापरत, आणि ती थट्टा कुठून आली होती हे समजायला मला बरेच दिवस लागले.

सर समाजशास्त्र शिकवायचे. उंच, किडकिडीत, चालताना थोडे पुढे झुकलेले. शर्टाच्या खिशात पेन आणि पँटच्या दोन खिशांत दोन रुमाल. एक घामासाठी आणि एक जागेसाठी. जागेसाठीचा रुमाल मोठा, चौकडीचा, चांगला जाड असायचा. एसटीच्या खिडकीतून टाकला की वाऱ्यानं उडता कामा नये, असं त्याचं कारण.

त्यांच्या प्रबंधाचं नाव 'बारामती-इंदापूर परिसरातील ग्रामीण एस.टी. प्रवाशांच्या प्रतीक्षाकालीन वर्तनाचा समाजशास्त्रीय अभ्यास' असं होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही पण चेष्टाच आहे. "म्हणजे नक्की काय?" मी विचारलं.

"यष्टीची वाट बघताना माणसं काय करतात, ते," सर म्हणाले.

आणि खरोखरच हा माणूस कितीतरी वर्षं बारामतीचा स्टँड, इंदापूरचा स्टँड, बावड्याचा फाटा आणि मोरगावचा थांबा इथल्या बाकांवर जाऊन बसला होता. कोण पिशवीवर बसतं, कोण उभ्यानंच पेंगतं, गाडी दिसल्यावर सगळ्यात आधी कोण उठतं, अनोळखी बाईकडे आपलं लेकरू सोपवून माणूस पाणी प्यायला कसा जातो, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. ते बोलायला लागले की स्टँड समोर उभा राहायचा. गाडी फलाटाला लागायच्या आत बाहेरून खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, काही नसेल तर चप्पल टाकून जागा धरतात, यावर ते तासभर बोलू शकत. "मॅडम, हितं भावाभावात बांधावरून डोकी फुटतात. पन यष्टीतल्या रुमालाला कुणी हात लावत न्हाई. त्या रुमालाचा मालक कोन, हे ठावं नसतंय तरीबी. सांगा, हे कुठल्या कायद्यात बसतं?"

मला तर हे ऐकूनच त्यांचा प्रबंध वाचावासा वाटला होता. वाचायला घेतला आणि कपाळाला हात लावला. रुमालाचं प्रकरण असं सुरू होत होतं: 'वाहनाच्या स्थिरावस्थापूर्व कालखंडात प्रवासी घटक वातायनमार्गे वस्त्रखंडाचे प्रक्षेपण करून आसनावर प्रतीकात्मक स्वामित्व प्रस्थापित करतो, असे प्रतिपादन करण्यास वाव आहे.'

"रुमाल कुठे गेला?" मी विचारलं.

"मार्गदर्शकांनी काढला," सर शांतपणे म्हणाले. "त्यांचं म्हणणं, रुमाल हा शब्द शास्त्रीय नाही. पहिल्या खेपेला मी सगळं सरळच लिहिलेलं. परत आलं. मग रुमालाचा वस्त्रखंड केला, खिडकीचं वातायन केलं, माणसाचा घटक केला. दर खेपेला माणसं थोडी थोडी कमी होत गेली आणि प्रबंध जाड होत गेला."

मार्गदर्शक वाईट माणूस नव्हते, हेही सर आवर्जून सांगत. ते दर खेपेला चहा पाजायचे, घरच्यांची चौकशी करायचे आणि मग तांबडी शाई उघडायचे. त्यांचा सगळ्यात जास्त राग 'मी' या शब्दावर होता. जिथे जिथे सरांनी 'मी पाहिले' असं लिहिलं होतं, तिथे तिथे त्यांनी 'प्रस्तुत अभ्यासकास आढळून आले' असं करायला लावलं. 'माझी आई' असं एका ठिकाणी आलं होतं. त्याभोवती गोल करून समासात प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

"प्रबंधात मी चालत नाही, मॅडम. तिथं अभ्यासक असतो," सर म्हणाले. "आणि अभ्यासकाला आई नसते."

ते हसले म्हणून मीही हसले. पण त्या हसण्यात काहीतरी अडकलेलं होतं, हे मला तेव्हाही जाणवलं.

त्याचं झालं असं होतं. सर अकरावीला बारामतीला आले ते समाजाच्या एका जुन्या वसतिगृहात राहायला. तिथे जेवणाची सोय नव्हती. मग त्यांची आई, भागाबाई, रोज भल्या सकाळी भाकरी-कालवण करून डबा भरायची आणि फाट्यावर येऊन बारामतीच्या गाडीची वाट बघत उभी राहायची. गाडी आली की डबा ड्रायव्हरच्या हातात. संध्याकाळी रिकामा डबा घ्यायला पुन्हा फाट्यावर. आमच्या भागात तेव्हा अशी कितीतरी पोरं एसटीच्या डब्यावर शिकली. त्या डब्याचं तिकीट कधी कुणी काढलं नाही आणि कुठल्या ड्रायव्हरनं तो घ्यायला नकारही दिला नाही. सरांच्या डोक्यात वाट बघण्याचा विषय शिरला तो तिथूनच.

डॉक्टरेट मिळाली तेव्हा गावानं सत्कार केला. विहारात सभा झाली, हार झाले, पेढे झाले. रात्रीची जेवणं उरकल्यावर आई म्हणाली, "आनंदा, इतकी वर्सं काय लिवलंस ते वाच की."

सरांनी डब्याचं पान उघडलं. 'वाहनचालक व प्रवासीबाह्य घटक यांच्यातील अनौपचारिक व मोबदलारहित अन्नपरिवहन' असं त्या उपप्रकरणाचं नाव होतं. त्यांनी ते सगळं वाचून दाखवलं. आई पदर सावरून, नीट मांडी घालून ऐकत होती. सभेत ऐकतात तशी. वाचून संपल्यावर तिनं त्या जाड प्रबंधाकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "चांगलं हाय. पन ह्यात आमी कुठं हाय?"

"हेच की आई. हा आपला डबाच हाय."

"ह्यो व्हय?" ती म्हणाली. "बरं, बरं." आणि भांडी आवरायला उठली.

हे मला सांगताना सरांनी प्रबंधाच्या भाषेतला एकही शब्द वापरला नाही. त्यावरूनच मला कळलं की हे त्यांना किती लागलं आहे. आईनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही आणि यांनी तिला पुन्हा कधी काही वाचून दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी तेच सगळं परत लिहायला घेतलं. साधं, सरळ, रुमालाला रुमाल म्हणून, आईला आई म्हणून. आईनं एकदा ऐकावं आणि त्यात आपण आहोत असं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. जगातल्या बाकी कुणाच्या मताशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

लिहून झालं, पण छापायचं कुणी? पुण्याच्या प्रकाशकानं लिहिलं की विषय विद्वत्तेचा आहे, पण भाषा विद्वत्तेची नाही. विद्वानांच्या एका नियतकालिकानं तळटीपा फार कमी आहेत म्हणून परत पाठवलं. आणि नेमक्या त्याच सुमाराला बारामतीत स्टँडजवळ पहिलं नेट कॅफे निघालं.

ते चालवायचा नितीन नावाचा तरुण. चार कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडचे आडोसे, दाराशी चपला काढायच्या. एका अमेरिकन कंपनीनं ज्याला हवं त्याला इंटरनेटवर फुकट पान द्यायचं काढलं आहे, हे नितीननं सरांना सांगितलं आणि सरांच्या अंगात आलं. ना मार्गदर्शक, ना प्रकाशक, ना तांबडी शाई. कंपनीनं फक्त एक विचारलं, की तुमचं पान कुठल्या सदरात घालू? बागकाम, मोटारी, पाळीव प्राणी, कुटुंब. समाजशास्त्र त्यात नव्हतं. मोटारी घ्यावं की कुटुंब, याचा सरांनी दोन दिवस विचार केला आणि शेवटी कुटुंब निवडलं.

ते पान दिसायला भयंकर होतं. सरांवर माझा कितीही जीव असला तरी हे मी सांगणारच. गडद जांभळ्या रंगावर पिवळी अक्षरं, कडेनं लुकलुकणाऱ्या झेंडूच्या माळा, वर इकडून तिकडे पळणारं 'सुस्वागतम्' आणि त्याच्याही वर, कंपनीनं परस्पर लावलेली, अमेरिकेतल्या कुठल्याशा गालिचे धुणाऱ्यांची जाहिरात. तळाला किती जणांनी पान पाहिलं ते दाखवणारे आकडे. सर रोज संध्याकाळी येऊन आकडा वाढला का ते बघायचे आणि वाढलेला पाहून खूश व्हायचे. हा आकडा तुम्ही बघायला आलात की वाढतो, हे नितीननं त्यांना पुष्कळ दिवस सांगितलं नाही. अभिप्रायाच्या जागी एकाच अनोळखी माणसानं इंग्रजीत लिहिलं होतं की तुमचं पान छान आहे, आता माझं बघा.

आणखी एक अडचण होती. त्या काळी मराठी अक्षरं दिसायची तर ज्या कॉम्प्युटरवर बघायचं त्यात तो फॉन्ट भरलेला असावा लागे. नसेल तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि चौकोन यांचा नुसता चिवडा दिसे. सरांनी इंदापूरच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून फ्लॉपीवर फॉन्ट आणला होता आणि नितीनच्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरमध्ये भरला होता.

"सर, तुमचं पुस्तक साऱ्या जगात दिसतंय," नितीन म्हणाला, "पन वाचता येतंय फक्त हितं."

"मग जगानं बारामतीला यावं," सर म्हणाले. "स्टँडजवळच तर आहे."

कॉलेजात या प्रकाशनाची दखल घ्यावी का, यावर एक समिती बसली. इंटरनेट हे पुस्तक की नियतकालिक, यावर चांगली दोन तास चर्चा झाली आणि अखेर सरांना पत्र आलं की सदर इंटरनेटची साक्षांकित सत्यप्रत सादर करावी. सरांनी ते पत्र स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं, खास प्रबंधाच्या सुरात. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. समितीवरचे दोघेही तिथेच बसून हसत होते.

आईला नेट कॅफेत आणायचं ठरलं ते एका रविवारी. सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीही या. एकट्यानं मला धीर होत नाही." वर्गात शंभर पोरांपुढे उभा राहणारा माणूस असं म्हणाला म्हणून मी गेले.

भागाबाई ठेंगण्या, काटक. कानात बुगड्या, हातात कापडी पिशवी. मला बघून त्यांनी हात जोडून "जय भीम" केला आणि लगेच पिशवीतून निमगावची विड्याची पानं काढून दिली. नितीननं त्यांना चाकांच्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची गर्रकन फिरली तशी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "लेकरा, ही खुर्ची धरून ठेव, मी कुठं पळून जात न्हाय," त्या नितीनला म्हणाल्या.

सरांनी तीन नंबरवर पान उघडलं. जांभळा रंग आला, झेंडू लुकलुकले, गालिचे आले. आणि खाली सगळा चिवडा. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, चौकोन.

नितीनचा चेहरा पडला. आदल्या दिवशी ते मशीन बंद पडलं म्हणून त्यानं सगळं पुसून नव्यानं भरलं होतं. त्यात फॉन्ट गेला. फ्लॉपी सरांच्या घरी होती आणि घर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

"आलं का रं?" आईनं विचारलं. तिला अक्षरओळख नव्हती. तिच्या दृष्टीनं चिवडा काय आणि मराठी काय, सारखंच होतं.

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते पुढच्या रविवारी येऊ म्हणतील. पण त्यांनी घसा खाकरला आणि पडद्याकडे बघत वाचायला लागले.

"मी बारामतीला शिकायला आलो तेव्हा माझा डबा एसटीनं यायचा. आई फाट्यावर उभी राहायची. गाडी आली की ती ड्रायव्हरच्या खिडकीत डबा द्यायची. डब्याला तांबडं फडकं बांधलेलं असायचं."

"तांबडं न्हवतं," आई म्हणाली. "निळं. माज्या लुगड्याचं."

"निळं फडकं," सर म्हणाले. "इकडे मी स्टँडवर येऊन थांबायचो. कधी गाडी लवकर यायची, कधी पहिला तास बुडायचा. लांबून धूळ दिसली की मी उठून उभा राहायचो. ड्रायव्हर वरून डबा द्यायचा तो बुडाला गरम असायचा. इतक्या लांबून येऊन गरम कसा राहतो, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही. मला वाटायचं, आईच्या हाताचीच ऊब असंल."

"इंजनावर ठेव म्हनायचे मी डायवरला," आई म्हणाली. "रोज सांगायचे. लेकरू गार खायाचं न्हाय म्हनून." मग तिनं विचारलं, "तू थांबायचास व्हय हितं? मला वाटायचं, डबा कुनीतरी बोर्डिंगात नेऊन देतंय."

"न्हाय आई. मीच थांबायचो."

"रोज?"

"रोज."

"मला कधी बोलला न्हाईस."

सर पडद्याकडे बघायचे केव्हाच थांबले होते. ते आईकडे बघून बोलत होते. कधी उपाशी राहिल्याचं, कधी डबा चुकून इंदापूरलाच उतरल्याचं, कधी दोघा मित्रांनी मिळून खाल्ल्याचं. शेजारच्या कॉम्प्युटरवरची कॉलेजची मुलं आडोशावरून माना काढून ऐकत होती.

"तू वाचत न्हाईस," आई म्हणाली.

सर चपापले. "व्हय आई. अक्षरं बिघडल्याती."

"बिघडू दे. सांग असंच. त्या दिवशी वाचत हुतास तवा मला काय कळलं न्हाय. आता समदं कळतंय." तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "ह्यात आमी हाय."

सरांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. जागेचा रुमाल, चौकडीचा. घामाचा दुसऱ्या खिशात तसाच राहिला. माझ्याकडे रुमालच नव्हता, मी पदर लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्लॉपी आणून फॉन्ट परत भरला आणि तांबडं फडकं निळं केलं, इंजिनाचं वाक्य घातलं. मला म्हणाले, "बघा मॅडम, प्रबंधात चूक राहिली की राहिली. हितं आई सांगंल तसं दुरुस्त करता येतं." मला त्या जांभळ्या पानाबद्दल काही वाईट बोलायचा त्यानंतर कधी धीर झाला नाही.

वर्ष संपलं आणि मला साताऱ्याकडे कायमची नोकरी लागली. निघायच्या दिवशी सर स्टँडवर आले. शनिवार होता, तोबा गर्दी. हातात काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा प्रबंध. मला एक प्रत द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. गाडी फलाटाला लागली तसे ते पुढे धावले आणि खिडकीतून तो अख्खा प्रबंध आत टाकला. मी वर चढेपर्यंत एक फेटेवाले आबा त्या सीटपाशी पोचले होते. त्यांनी प्रबंध दोन्ही हातांनी उचलला, वजन बघितलं, पहिलं पान उघडून मिटलं, जसा होता तसा सीटवर ठेवला आणि दांडीला धरून उभे राहिले.

"स्वामित्व प्रस्थापित झालं," खिडकीखालून सर म्हणाले. "आठ वर्षं लागली, पण कामाला आला."

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात पलीकडच्या फलाटावर बावड्याकडून येणारी गाडी शिरली आणि सर माझ्याशी बोलता बोलताच तिकडे निघाले. त्या रविवारपासून आई दर शनिवारी डबा पाठवू लागली होती. घरी बायको सुगरण, सरांचे केस पांढरे व्हायला लागलेले, पण डबा यायचाच. आमची गाडी हलली. गर्दीतून वाट काढत ते ड्रायव्हरच्या खिडकीखाली पोचले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. वरून डबा खाली आला, निळ्या फडक्यात बांधलेला. सरांनी तो घेतला, तळवा बुडाला लावून बघितला, आणि तसाच लावून ठेवला.